शेतावरची मैफल किती मोठी करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुरबाड-म्हसा रस्त्यापासून आत तुमचं ४ एकरांचं सामाईक शेत आहे. आजोबांच्या स्मरणार्थ गेली ४ वर्षं हिवाळ्यात तिथे दोन दिवस गाणं-बजावणं होतं. पहिल्या वर्षी ४० माणसं होती, गेल्या वर्षी ठाणे-डोंबिवलीकडून मिळून २२५ आली. आता चुलत भाऊ म्हणतो की एखादं मोठं नाव आणू, तिकीट लावू, ८००-१००० लोक बोलावू. परवानग्या कुठल्या लागतील, साउंड किती घ्यावा, पैशांचं कसं बसवावं आणि काकूंच्या भजनी मंडळाला यापुढे वेळ द्यावा की नाही, एवढं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या सासरचं शेत शहापूर तालुक्यात आहे. तिथे आम्ही १६ वर्षं अशीच मैफल करतो. त्याआधीपासून मी ठाण्यात नौपाड्याच्या घरात बैठका भरवत आले, त्यामुळे कलाकारांची सोय, साथीदार, माइकवाला, चहावाला हे सगळं स्वतःच्या हाताने केलेलं आहे. त्या जोरावर एक सांगते. परवानगी, साउंड आणि पैसे हे तुम्ही तीन वेगळे प्रश्न मांडलेत, पण तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर अडलंय, ती म्हणजे माणसं किती. तुमच्या घरातला मतभेदही खरं तर त्यावरच आहे. भाऊ आकडा कलाकाराच्या नावावरून काढतोय. मी म्हणेन, तो शेतावरून काढा आणि कलाकार त्या आकड्याला शोभेल असा बोलवा.

हे मी अनुभवाने म्हणतेय. सहाव्या वर्षी एक नामवंत गायिका आमच्याकडे यायला तयार झाल्या. पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं आणि आम्ही मोजणं सोडलं. साडेचारशेच्या वर माणसं आली. गाणं अप्रतिम झालं, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पण शेतावर येणारी वाट आमची एकट्याची नव्हती, शेजाऱ्यांच्या बांधावरून वहिवाटीने येणारी होती. गाड्या समोरासमोर अडकल्या तेव्हा लोकांनी सरळ त्यांच्या शेतात चाकं घातली. भात निघाल्यावर ओलीवर पेरलेला वाल नुकता फुलावर आला होता, त्यातला दोन गुंठे भुईसपाट झाला. दुपारी पाण्याची टाकी संपली आणि नेमकी वीज गेल्यामुळे विहिरीवरची मोटर चालेना. बायकांसाठी दोन संडास होते. मध्यंतरात लागलेली रांग पुढच्या कलाकाराचा बडा ख्याल संपला तरी सरकली नव्हती. आणि सासूबाई, ज्यांना गाण्याचं वेड म्हणून सासऱ्यांनी हे सगळं सुरू केलं होतं, त्या दोन दिवस चुलीपासून हलल्या नाहीत. त्यांनी एक स्वर ऐकला नाही. शेजाऱ्यांना आम्ही भरपाई दिली, त्यांनी घेतलीही, पण बोलणं पूर्वीसारखं व्हायला दोन वर्षं लागली. पुढच्या वर्षी आम्ही १८० वर थांबलो आणि आजही तिथेच आहोत.

आता तुमचा आकडा. तो किती हे इथे बसून मला सांगता येणार नाही, कारण तुमची वाट किती रुंद आहे, गाव शेताच्या कुठल्या बाजूला आहे आणि शेजारी गाणं ऐकणारे आहेत की कावणारे, यावर बरंच ठरतं. पण मोजायचं कसं ते सांगते. पहिल्यांदा वाट. एकावेळी एकच गाडी जाऊ शकत असेल तर ४० गाड्यांच्या पुढे जाऊ नका. उरलेल्यांसाठी कल्याण स्टेशनहून बस ठेवा. ठाण्याच्या लोकांना लोकलने कल्याणला येणं सोपं असतं, आणि दोन बसमध्ये १०० माणसं येतात. मग पाणी. हात धुणं, संडास, स्वयंपाक, पिणं सगळं धरून मी माणशी दिवसाला २५ लिटर धरते. २०० माणसांना ५००० लिटर, म्हणजे रोजचा एक टँकर. विहिरीला पाणी असलं तरी टँकर सांगून ठेवा. त्यानंतर संडास. बायकांसाठी दर २५ जणींमागे एक, पुरुषांसाठी त्याच्या निम्मे, आणि प्रत्येकात दिवा, पाणी, कडी. शेतावर आलेल्या बाईने दिवसभर पाणी न पिता बसावं, अशी वेळ आपल्या कार्यक्रमात कुणावर येऊ नये. तिन्हींतून जो सगळ्यात लहान आकडा निघेल तो तुमचा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तो दीडशे ते दोनशेच्या मध्ये कुठेतरी येईल. म्हणजे गेल्या वर्षीच तुम्ही काठ ओलांडला होता.

साउंडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शेतावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात भिंती आवाज परत देतात, गायकाला आपला स्वर ऐकू येतो. उघड्या शेतात स्वर गेला की गेला. गायक मग नकळत जोर लावतो, माइकवाला आवाज चढवतो, तबला त्याच्यावर चढतो, आणि तासाभरात सगळं कर्कश होतं. त्यावर उपाय मोठा साउंड घेणं हा नव्हे. कलाकारांना घराच्या भिंतीला पाठ करून बसवा. पडवी असेल तर पडवीतच बसवा. मागची भिंत आणि वरचं छप्पर मिळून अर्धं काम करतात. दीड-दोन फुटांपेक्षा उंच मंच नको. गायकाच्या दोन्ही बाजूंना खरे तंबोरे असू द्या आणि गायकासमोर मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला लहान स्पीकर ठेवा, त्यात तंबोरा आणि त्याचा स्वतःचा आवाज, बाकी फार काही नको.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पुढच्या दोन भल्यामोठ्या स्पीकरांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हटलं तर पहिल्या रांगेचे कान जातात. त्यापेक्षा लहान स्पीकर घ्या, दोन पुढे आणि दोन मध्यावर, सगळे थोडे जमिनीकडे झुकलेले. फक्त मधल्या स्पीकरांना डिले लावायला सांगा, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सुटेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे स्पीकर ३४ मीटर मागे असेल तर मंचावरचा आवाज तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. डिले नसेल तर मागे बसलेल्यांना प्रत्येक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोनदा ऐकू येते. लग्नाचा साउंड करणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही. माणूस ठरवताना हाच प्रश्न विचारा, उत्तरावरून कळेल.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन भराभर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारी बांधापलीकडे ऐकू न येणारं गाणं रात्री किलोमीटरभर लांबच्या वाडीत स्पष्ट पोचतं. माइकवाल्याने बटणाला हातही लावलेला नसतो. आमच्या शेजारच्या वाडीत एका घरी म्हातारे आजोबा शेवटच्या आजारात होते, त्यांचा मुलगा रात्री साडेनऊला आमच्या अंगणात येऊन हात जोडून उभा राहिला. मी त्याच क्षणी माइक बंद करायला लावले. तेव्हापासून रोज अंधार पडल्यावर आमच्यातला एक जण वाडीपर्यंत चालत जाऊन ऐकून येतो आणि मग आवाज ठरतो. तुम्ही तर कार्यक्रमाच्या महिनाभर आधीच एका रात्री नऊला लहान स्पीकर लावून गावाच्या दिशेने चालून बघा. स्पीकरांची तोंडं कुठे करायची ते त्या एका फेरीत ठरेल.

जनरेटर लागेलच. २०० माणसांच्या मैफलीला साउंड ३ किलोवॅट, एलईडी दिवे आणि किरकोळ वापर २ किलोवॅट धरला तर १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर आरामात पुरतो. विहिरीची मोटर त्यावर चालवायची असेल तर ते आधीच सांगा, सुरू होताना ती फार ओढते. जनरेटर घराच्या मागे, मंचापासून निदान ५० मीटर लांब ठेवा, अर्थिंग स्वतः समोर उभं राहून करून घ्या. पेंढ्याची उडवी जवळ असेल तर ती त्या आठवड्यापुरती हलवा.

वेळेचं गणित हा कायद्याचा भाग आहे तसाच गाण्याचाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणावारांसाठी वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकारच ठरवतं, आपल्या सोयीने मिळत नाहीत. दहाच्या आतही मोकळीक नाही. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज तिच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तुमच्या बांधावर ६०. मोबाइलवरच्या मीटरने अंदाज घ्या.

भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कितीतरी वर्षं रात्रभर चालायचा. त्यालाही दहाच्या नियमाला वळावं लागलं. आपण तर त्याच्यापुढे कितीसे. पण शेतावर याची एक भरपाई असते आणि ती शहरातल्या कुठल्याच सभागृहाला नाही, ती म्हणजे पहाट. आमचं मुख्य सत्र सकाळी सहाला सुरू होतं. लोक गोधड्या पांघरून बसलेले असतात, भाताच्या खाचरांवर धुकं असतं आणि ललत ऐकत ऐकत उजाडतं. मग तोडी, मग कोवळ्या उन्हात चहा. एरवी मैफलीत सकाळचे राग ऐकायला मिळणं किती दुर्मीळ झालंय हे तुम्हाला माहीत आहे. रात्री दहानंतर ज्यांना मालकंस-दरबारी ऐकायचाच असतो, त्यांच्यासाठी माजघरात दारं लावून माइकशिवाय बैठक होते. ३० माणसं मावतात. आमच्याकडे येणाऱ्या कलाकारांना ती बैठक सगळ्यात प्रिय आहे, कारण तंबोऱ्याचा झंकार आणि श्रोत्याचा श्वास दोन्ही तिथे ऐकू येतात.

पहाटेच्या सत्राला एक शत्रू आहे, दव. मांडव आकाशाला उघडा ठेवू नका, वर ताडपत्री हवीच. दमट हवेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो, पेटीचा स्वर मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे दोघांचं जमेनासं होतं. वाद्यं रात्री घरात कोरड्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवा आणि साथीदारांना निदान पाऊण तास आधी मंचावर येऊ द्या, म्हणजे वाद्यं त्या हवेला सरावतील. तबलजीकडे दोन-तीन वेगवेगळ्या पट्टीचे तबले असतील असं आधी बोलून घ्या.

तारीख ठरवताना पंचांग आणि गाव दोन्हींना विचारा. तुमच्या रस्त्यावर पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा असते. गुरांचा बाजार, गाड्या, माणसं. त्या दिवसांत तुमची बस वेळेवर पोचणार नाही. गावात हरिनाम सप्ताह कधी बसतो तेही विचारा. सप्ताहाच्या काळात देवळाच्या कर्ण्याशी आपला माइक भिडवणं वाईट दिसतं आणि दोन्हीकडचं ऐकणं बिघडतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आणि पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी, दोन्हींसाठी महिनाभर आधी अर्ज द्या. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. सख्खे असले तरी घ्या. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे का ते त्याच आठवड्यात फोन करून विचारा, कारण भात कापल्यावर उंदरांमागे साप येतात आणि शहरातली माणसं अंधारात बांधावरून चपलांनी फिरतात. प्रत्येक वाटेवर दिवा लावा.

तिकिटाबद्दल थोडं थांबून विचार करा. तिकीट लावलं की कार्यक्रम घरचा राहत नाही. तहसील कचेरी आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे त्याची वेगळी विचारणा होते. स्वामित्वहक्काचाही, म्हणजे कॉपीराइटचा, प्रश्न येतो. पारंपरिक बंदिशी, संतांचे शब्द, किर्लोस्कर-देवलांच्या काळातली नाट्यपदं यांवर आज कुणाचा हक्क नाही. पण तुकोबांच्या अभंगाला गेल्या काही दशकांत कुणी चाल दिली असेल तर ती चाल संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं सुरक्षित असते. भावगीतं, चित्रपटगीतं गायची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. हौशी मंडळी फुकट श्रोत्यांसमोर गातात तेव्हा कायदा सवलत देतो, तिकीट लावल्यावर ती राहत नाही.

आम्ही तिकीट लावत नाही. येणाऱ्याने नाव आधी कळवायचं, आकडा भरला की नाव घेणं बंद. जेवण-बसचा खर्च माणशी काढून तेवढा सगळे देतात. कलाकारांची बिदागी घरातली सहा कुटुंबं वाटून घेतात आणि दाराशी एक पेटी असते, तिच्यात लोक मनाला येईल ते टाकतात. एक पथ्य मात्र पाळतो. तबला आणि पेटीच्या साथीदारांची बिदागी आम्ही वेगळी ठरवतो आणि वेगळ्या पाकिटात त्यांच्या हातात देतो, कार्यक्रम संपल्याबरोबर, दुसऱ्या दिवशी नाही. स्वयंपाक आता गावातल्या बचतगटाच्या बायका करतात. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. त्यांना पैसे मिळतात, गावाला कार्यक्रम आपला वाटतो आणि माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकतात.

भावाला काय सांगायचं? त्याचं म्हणणं उडवून लावू नका. आजोबांचं नाव मोठं व्हावं असंच त्यालाही वाटतंय. त्याला मोठं नाव हवं असेल तर एक वर्ष तसं करा, पण आकडा शेतावरून निघालेलाच ठेवा. मोठे कलाकार लहान बैठकीला येत नाहीत हा समज खरा नाही. नीट आमंत्रण दिलं, सकाळचा राग गायला मिळेल हे सांगितलं आणि शांत, जाणते श्रोते असतील याची खात्री दिली, तर अनेक जण मोठ्या मंचापेक्षा कमी बिदागीत येतात. आमच्याकडे आलेत. हजार माणसांचा कार्यक्रमच करायचा ठरला तर तो ठाण्यात नाट्यगृह घेऊन वेगळा करा. तिथे पार्किंग, संडास, वीज, अग्निशमन हे सगळं कुणीतरी आधीच उभारून ठेवलेलं असतं. शेतावरचे दोन दिवस आहेत तसे राहू द्या.

राहिला काकूंच्या मंडळाचा प्रश्न. तुम्ही तो शेवटी आणि संकोचाने विचारलात, म्हणून मुद्दाम लिहिते. त्यांना कार्यक्रमातून काढू नका आणि मोठ्या कलाकाराच्या आधी, लोक चहा पीत असताना, घाईत उरकायलाही लावू नका. आमच्याकडे गावातलं भजनी मंडळ पहिल्या दिवशी संध्याकाळी सुरुवात करतं आणि त्यांना पूर्ण एक तास असतो. तोच मंच, तोच माइक, तोच माइकवाला. पखवाजाला ताजी कणीक लावायला वेळ दिलेला असतो आणि टाळकऱ्यांसाठी एक माइक उंचावर टांगलेला असतो. बाहेरून आलेल्या कलाकारांना आम्ही आधीच सांगतो की भजनाला येऊन बसा. एका वर्षी आमच्या मुख्य गायकांनी भजनातल्या एका म्हातारबुवांना गजर संपल्यावर विचारलं, ही चाल कुठली. बुवा म्हणाले, आजा म्हणायचा, त्याच्याकडून आली. रात्री माजघरात गायकांनी ती चाल दोनदा म्हणवून घेतली, तिसऱ्यांदा स्वतः म्हटली, आणि बुवा पखवाज पुढे ओढून साथीला बसले. तुमच्या काकूंकडे आजोबांच्या आवडीची अशी एखादी चाल असणारच. या वर्षी त्यांना आधीच विचारा, कुठली ती, आणि कार्यक्रमाची सुरुवात तिने करा.